पांढऱ्या लोकरीची केबल

संध्याकाळी साडेपाचनंतर मला कामाला बोलावू नका, हे मी प्रत्येकाला पहिल्याच फोनवर सांगतो. प्रिंटर अडकला असेल, टर्मिनल मुकं झालं असेल, तुमचे साहेब डोक्यावर बसले असतील, ते तुमचं तुम्ही बघा. साडेपाचला मी कोथरूडच्या माझ्या घरात, दाराकडे तोंड करून खुर्चीत बसलेला असतो. लोकांना वाटतं, श्रीधर खांबेट्यांचं डोकं फिरलंय. वाटू दे. सात वर्षांत मी एकही संध्याकाळ चुकवलेली नाही. का, ते आज एकदाचं सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको.

माझा धंदा केबल करून द्यायचा. कॉम्प्युटरला टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, जोडा, प्रिंटर जोडा, मोडेम जोडा. लोकांना वाटतं, केबल म्हणजे काय, इकडून तिकडे तार. असल्या विद्वानांनी घातलेले घोळ निस्तरण्यात माझी निम्मी हयात गेली. कनेक्टरला पंचवीस पिना असतात, पण नड भागवायला तीन पुरतात. दोन नंबरची बोलायची, तीन नंबरची ऐकायची आणि सात नंबर म्हणजे दोघांची सामाईक जमीन, अर्थिंगची. आता गंमत अशी की कॉम्प्युटर दोन नंबरवर बोलतो आणि टर्मिनलही दोन नंबरवरच बोलतं. सरळ तार टाकली की दोघंही एकाच तारेवर तोंड उघडून बसतात आणि ऐकायला कुणीच नाही. म्हणून मधे दोन आणि तीनची अदलाबदल करायची. याचं बोलणं त्याच्या कानात, त्याचं याच्या. ही उलटी केबल, एका छपराखालच्या यंत्रांची. सरळ केबल लागते मोडेमला, कारण मोडेम टेलिफोनवरून लांबच्याशी गाठ घालून देतो. जवळच्याला उलटी, लांबच्याला सरळ. एवढं लक्षात ठेवा, बाकी माझ्या बोलण्यात अवघड काही नाही.

कुसुम माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आम्ही दोघंच राहायचो. लग्न तिनंही केलं नाही आणि मीही नाही. तिचं जमलं नाही, आणि माझ्याशी कुणाचं जमलं नसतं. कर्वेनगरमधल्या एका बंगल्यात शब्दकोशाचं कार्यालय होतं. हॉलमध्ये कॉम्प्युटर, तीन खोल्यांत तीन टर्मिनलं, व्हरांड्यात प्रिंटर, सगळं मीच जोडलेलं. ताई तीन नंबरच्या टर्मिनलवर बसायची आणि शब्दांच्या चिठ्ठ्या मशीनमध्ये भरायची. मशीनला देवनागरी येत नव्हती, म्हणून मराठी शब्द रोमन अक्षरांत. ती म्हणायची, मराठी शब्दांना पॅन्ट घालते आहे.

अठ्ठ्याऐंशीच्या शेवटी सुरू झालेलं काम एकोणनव्वदच्या ऑगस्टपर्यंत सुरळीत होतं. तेव्हा मी टायफॉइडनं आडवा पडलो. नेमकी त्याच आठवड्यात तीन नंबरची केबल उंदरांनी खाल्ली. मला त्रास नको म्हणून ताईनं स्वतः नवी केबल केली. माझ्या टेबलावर एक तयार केबल पडली होती, तिच्याकडे बघून पिनेला पिन जुळवत, तारा डागायचा माझाच सोल्डर घेऊन. ओळखायला टोकाला पांढऱ्या लोकरीची गाठ मारली. नमुना म्हणून घेतलेली ती केबल होती मोडेमची, सरळ. टर्मिनल दोन दिवस मुकं बसलं. मी ताप उतरल्यावर गेलो, कनेक्टर उघडला आणि सगळ्यांसमोर, कार्यालयाचे प्रमुख श्यामराव तिथे उभे असताना, म्हणालो, "मोडेमची केबल टर्मिनलला? ताई, तुला काय इथून मुंबईला फोन लावायचाय?" श्यामराव हसले. बाकीचेही हसले. ताईनं ती केबल माझ्या हातातून घेतली, गुंडाळली आणि खणात ठेवली. एक अक्षर बोलली नाही, आणि त्यानंतर चार महिने बोलली नाही.

आमच्या घरात अबोला म्हणजे भांडण नव्हे, व्यवस्था. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर निरोप लिहायचे. "दूध नासले." "गॅस संपत आला आहे." सही नाही. ती बसनं जायची, मी सायकलवर, एकाच दिशेला. चूक माझी होती हे मला पहिल्या रात्रीच कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि तोंडातून निघणं वेगळं.

फक्त एक गोष्ट अबोल्यातही सुटली नाही. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, आणि घरातल्यानं 'ये' म्हणायचं, हे सगळ्यांच्याच घरी असतं. आमच्या आईनं ते जरा जास्तच मनावर घेतलं होतं. 'ये' ऐकल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नसे. वडिलांच्या तोंडाला दाढीचा साबण असला तरी ते तसेच बाहेर येऊन 'ये' म्हणत, मग ती निघे. ताईनं ते उचललं होतं. अबोल्याच्या दिवसांत ती रोज सकाळी नऊ पस्तीसला देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाकडे बघून 'येते' म्हणायची. बाळकृष्ण काही बोलायचा नाही, पण तिनं त्याच्यावर भागवून घेतलं होतं.

डिसेंबरमधल्या एका सकाळी ती दारात थांबली आणि म्हणाली, "येते रे, श्री."

चार महिन्यांत पहिल्यांदा माझं नाव. मी गॅलरीत सोल्डरिंग करत बसलो होतो. मी ऐकलं. अगदी नीट ऐकलं. आणि मनात म्हटलं, दुसऱ्यांदा म्हण, मग बघू. ती थांबली होती. मी एका पिनेवर सोल्डरचा थेंब सोडला, तो गार झाला, दुसऱ्या पिनेवर सोडला, तोही गार झाला. मग तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. डावी चप्पल ओढत चालायची तिची सवय होती.

बसथांब्यावर बसची वाट बघता बघता ती खाली बसली आणि उठली नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. भेटायला आलेले लोक मला म्हणाले, सोन्यासारखं मरण आलं, कुणाला त्रास नाही. मी मान हलवली. मला रडू आलं नाही, लाज वाटत होती. दोन अक्षरंसुद्धा नाहीत, एकच अक्षर, आणि तेवढं माझ्याच्यानं म्हणवलं नव्हतं.

फेब्रुवारीत श्यामरावांचा फोन आला. "खांबेटे, तुमची केबल आपणहून बोलायला लागली आहे. येऊन जरा तिची समजूत काढा."

गेलो. ताईच्या जागी नीरजा साने म्हणून बाई आल्या होत्या, चाळिशीच्या, शांत. त्यांनी मला प्रिंटरचा कागद दाखवला, कडेला भोकं असलेली लांब पट्टी. तीन आठवडे रोज सकाळी एकच ओळ. वाय, ई, टी, ई. येते.

"रोज नऊ पस्तीसला," नीरजाबाई म्हणाल्या. "मी घड्याळ लावून बघितलं."

"मग कुणीतरी घड्याळ लावूनच टाइप करत असेल," मी म्हणालो. "कोशात काम करणाऱ्यांना वेळ भरपूर असतो."

त्या रागावल्या नाहीत, हे माझ्या लक्षात राहिलं. दुसऱ्या दिवशी मी तिन्ही टर्मिनलं बंद करायला लावली. नऊ पस्तीसला प्रिंटर कर्रकर्र करत हलला आणि ओळ उमटली. तिसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरच बंद करवला. श्यामरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. ओळ उमटली. उघडी तार कधी कधी हवेतला कचरा उचलते, हे मी त्यांना समजावून सांगितलं. उंच आवाजात सांगितलं, कारण माझा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत नव्हता. कचरा उचलणारी तार रोज तोच शब्द उचलत नाही.

चौथ्या दिवशी मी प्रिंटरची केबल कॉम्प्युटरमधून उपसली आणि तिचं मोकळं टोक हातात धरून उभा राहिलो. सकाळचं ऊन व्हरांड्यात आलं होतं. बाहेर फुलवाला ओरडत होता. पंचवीस पिना माझ्या तळहाताला टोचत होत्या आणि पलीकडे काही नव्हतं, नुसता माझा हात होता. नऊ पस्तीसला प्रिंटरचं डोकं डावीकडे सरकलं आणि परत आलं. नीरजाबाईंनी कागद वर ओढला.

येते रे श्री.

कार्यालयात मला सगळे खांबेटे म्हणायचे. ताईसुद्धा तिथे श्रीधर म्हणायची. श्री फक्त घरात. मी केबल खाली ठेवली आणि पायरीवर बसलो. तेव्हा मला रडू आलं, परक्या बाईंसमोर, सकाळी दहाच्या सुमाराला. नीरजाबाई पाणी घेऊन आल्या आणि समोरच्या कठड्यावर टेकल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. टायफॉइड, मुंबईला फोन, गॅलरी, सोल्डरचे दोन थेंब.

"उंबऱ्यावर अडकली आहे ती," मी म्हणालो. "'ये' ऐकल्याशिवाय निघत नाही. मला फक्त तेवढं म्हणायचंय. म्हणजे ती सुखानं जाईल."

"मग म्हणा ना."

"तोंडानं रोज म्हणतोय, अहो. घरी दारात उभा राहून म्हणतो. बोलतेय ती या तारेवरून, ऐकणारही याच तारेवरून. आणि प्रिंटरला नुसते कान असतात, तोंड नसतं."

म्हणून दुसऱ्या दिवशी ताईचंच टर्मिनल व्हरांड्यात आणलं. मी घरी बसून नवी उलटी केबल केली होती, आयुष्यात केली नसेल इतकी निगुतीनं. एक टोक टर्मिनलला, दुसरं टोक हवेत. इथे एक सांगून ठेवतो. टर्मिनलवर आपण अक्षर दाबतो आणि ते पडद्यावर दिसतं, तेव्हा लोकांना वाटतं टर्मिनलनंच दाखवलं. तसं नसतं. अक्षर आधी तारेवरून पलीकडे जातं, पलीकडचा ते ऐकतो आणि परत पाठवतो, तेव्हा कुठे ते आपल्याला दिसतं. पडदा कोरा राहिला, तर समजायचं की पलीकडे कुणी ऐकलेलंच नाही.

नऊ पस्तीसला पडद्यावर हिरवी अक्षरं आली. येते रे श्री. मी 'ये' दाबलं. पडदा कोरा. पुन्हा दाबलं. दहा वेळा दाबलं, बोटं दुखेपर्यंत. पडद्यावर माझं एकही अक्षर आलं नाही. मग तिचं आलं.

श्री?

बस, एवढंच. चार महिन्यांच्या अबोल्यानंतर दारात उभं राहून तिनं जे विचारलं नव्हतं, ते आता विचारत होती, आणि मी समोर बसून ओरडत असूनही तिच्या लेखी गप्पच होतो. तिला वाटत असणार, हा अजून रुसलाय. त्या दिवशी मी जेवलो नाही. कुणासाठी जेवायचं तेही कळेना.

पुढच्या सकाळी जोडणी पुन्हा तपासायची म्हणून मी पक्कड शोधत ताईच्या टेबलाचा खण उघडला. पक्कड नव्हती. गुंडाळलेली केबल होती, टोकाला पांढऱ्या लोकरीची गाठ. मी ती हातात घेतली आणि माझंच वाक्य मला ऐकू आलं. ताई, तुला काय इथून मुंबईला फोन लावायचाय?

जवळच्याला उलटी, लांबच्याला सरळ. सगळ्या पुण्याला मी हे शिकवत फिरलो, आणि बहीण अजून शेजारच्याच खोलीत आहे असं धरून उलटी केबल लावून बसलो. ती कुठे आता शेजारच्या खोलीत होती. मी उलटी केबल काढली आणि तिची सरळ केबल टर्मिनलला लावली. तिनं केलेला सोल्डर ओबडधोबड होता, पण एकही टाका सुटलेला नव्हता. दुसरं टोक टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत राहिलं.

नऊ पस्तीसला पाच मिनिटं होती. नीरजाबाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्या अवघडल्यासारख्या म्हणाल्या, "श्रीधरराव, एक विचारू? 'येणे'ची चिठ्ठी परवाच मी भरली. पहिला अर्थ, दूर असलेल्यानं जवळ येऊन पोहोचणं. निरोप घेतानाचा अर्थ पाचवा आहे."

"मग?"

"मग पलीकडे कुठला पोचेल, पहिला की पाचवा? तुम्हाला तिला निरोपच द्यायचा असेल, तर 'जा' म्हणून बघा. म्हणजे घोटाळा नको."

"घरच्या माणसाला 'जा' कोण म्हणतं?" मी खेकसलो. "तुम्ही म्हणता तुमच्या घरी?"

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. म्हणत नसणारच. मराठी माणूस स्मशानातून परततानाही 'जातो' म्हणायला कचरतो, आणि मी ताईला 'जा' लिहू? चार महिने तिला एक शब्द दिला नाही, आणि दिला तर हा? मला ते जमलंच नसतं, आणि पुढे काय होणार हे माहीत असतं तरीही जमलं नसतं.

हिरवी अक्षरं आली. येते रे श्री.

मी एकेक अक्षर दाबलं. ताई ये. आणि एकेक अक्षर पडद्यावर उमटत गेलं, दाबल्यावर क्षणभर थांबून, जणू फार लांब जाऊन परत येत होतं. नीरजाबाईंचा श्वास मला मागे ऐकू आला. कुणीतरी ऐकलं होतं. मी लगेच पुढे लिहिलं, त्या दिवशी माझं चुकलं. तेही सगळं उमटलं. खाली केबलचं टोक तसंच लोंबत होतं, कशालाही न लागता.

मग एक शब्द आला आणि त्यापुढे टिंब. ताई टिंब दिल्याशिवाय वाक्य सोडत नसे.

येते.

त्यानंतर पडदा शांत झाला. मला इतकं हलकं वाटलं की मी श्यामरावांना चक्क नमस्कार केला आणि म्हणालो, केबल माझीच सदोष होती. ते म्हणाले, "कबूल केलंत हेच विशेष." नीरजाबाई फाटकापर्यंत आल्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "आज घरी एकटे राहू नका," त्या म्हणाल्या. मला वाटलं, दुःखाच्या काळजीनं म्हणतायत.

घरी येऊन मी ताईची साडी घडी करून कपाटात ठेवली, जी दोन महिने दोरीवर तशीच होती. बाळकृष्णाला अंघोळ घातली. कॅलेंडरची मागची पानं फाडून टाकली. दुपारी झोप लागली, डिसेंबरनंतर पहिल्यांदाच धड. उठून चहाचं आधण ठेवलं तेव्हा पाच वाजून गेले होते. सवयीनं दोन कप पाणी टाकलं गेलं. एक कप कमी करावा म्हणून मी भांडं उचललं, आणि तेवढ्यात खाली जिन्याचं लोखंडी दार वाजलं.

ताई कामावरून साडेपाचला यायची.

पहिल्या मजल्यापर्यंत पावलं नीट ऐकू येत नव्हती. दुसरा जिना सुरू झाला तशी स्पष्ट झाली. एक पाऊल उचललेलं, एक ओढलेलं. उचललेलं, ओढलेलं. नीरजाबाई काय विचारत होत्या ते मला तेव्हा कळलं, चहाचं भांडं हातात धरून, स्वयंपाकघराच्या मधोमध. मी तिला निरोप दिला होता आणि तिनं ते बोलावणं म्हणून घेतलं होतं. सकाळी नऊ पस्तीसला ती निघाली होती, आणि किती लांबून चालत आली होती देव जाणे.

पावलं आमच्या मजल्यावर आली. शेजाऱ्यांच्या दारावरून पुढे आली. आमच्या दाराशी थांबली. दाराखालच्या फटीतून जिन्यातला उजेड येतो, तो मधे अडला. गार वारा आत आला, आणि सोल्डर वितळल्यावर येतो तसला वास. भांड्यातलं पाणी पायावर सांडलं. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. कडी न काढता, आवाज न करता, गॅस बंद करून आत बसून राहावं, असंही मनात आलं. तेवढं मला चांगलं येतं. गप्प बसणं मला नेहमीच चांगलं आलं आहे.

"आले रे, श्री," दाराबाहेरून आवाज आला.

आणि ती थांबली. सोल्डरचा थेंब गार व्हायला लागतो तेवढा वेळ.

मी तिला दुसऱ्यांदा म्हणायला लावलं नाही. "ये, ताई," मी म्हणालो, आणि जाऊन कडी काढली.